हातात हात घेऊन बोलणारी माणसं

ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, म्हणजे काय

पुण्याजवळच्या पिरंगुटच्या लवासा फाट्यावर एखादा अंध माणूस रस्ता ओलांडायला उभा राहिला, तर कंपन्यांकडे वळणारे ट्रक, बसचा ब्रेक, टपरीवरचं बोलणं यांवरून तो रस्त्याचा अंदाज घेतो. कर्णबधिर माणूस तोच रस्ता नजरेच्या भरवशावर ओलांडतो. अंधांचं सगळं शिक्षण कानावर उभं आहे, कर्णबधिरांचं डोळ्यांवर. ज्याचे कान आणि डोळे दोन्ही अधू आहेत, त्याला यांतला कुठलाच आधार पुरत नाही. अंधशाळेत शिक्षक बोलून शिकवतात ते त्याला ऐकू येत नाही. कर्णबधिरांच्या शाळेत खुणांनी शिकवतात त्या दिसत नाहीत. म्हणून बधिरांधत्व हे स्वतंत्र अपंगत्व मानलं जातं आणि त्याची शिकवण्याची पद्धतही वेगळी असते.

इथे एक समज आधीच दूर करायला हवा. बधिरांध म्हणजे मिट्ट काळोख आणि संपूर्ण शांतता, असं फार थोड्यांच्या बाबतीत असतं. बहुतेकांना काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं. कुणाला चांगल्या उजेडात हातभर अंतरावरची बोटांची हालचाल कळते, पण संध्याकाळी काहीच नाही. कुणाला श्रवणयंत्र लावून शांत खोलीत एकाचं बोलणं समजतं, चार जण एकदम बोलू लागले की नुसता गोंगाट. तोच माणूस सकाळी अंगणात सहज वावरतो आणि दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळतो. बघणाऱ्याला वाटतं, सोंग करतोय. हा आरोप अशा माणसांच्या वाट्याला फार येतो आणि तो जिव्हारी लागतो.

डोळस, ऐकू येणारं मूल किती गोष्टी कुणी न शिकवता शिकतं याचा आपण कधी विचार करत नाही. कुकरची शिट्टी झाली, आईने झाकण काढलं, वाफ आली, ताटात भात आला. ही साखळी त्याला रोज दिसते आणि ऐकू येते. जन्मतः बधिरांध असलेल्या मुलाला साखळी मिळत नाही. त्याच्या तोंडाशी एकदम भात येतो. एकदम कुणीतरी उचलतं, एकदम अंगावर पाणी पडतं. असं मूल अंग चोरतं, किंचाळतं, चावतं, तासन् तास झुलत बसतं. मग कुणीतरी डोकं हलवून ‘मतिमंद आहे’ म्हणतं आणि तोच शिक्का पुढे कागदावरही बसतो.

मोजणीत ही माणसं कुठे जातात

बधिरांधांच्या जागतिक महासंघाने २०१८ साली एक अहवाल काढला. त्यातला अंदाज असा, की लोकसंख्येच्या साधारण ०.२ टक्के लोकांना तीव्र बधिरांधत्व असतं आणि सौम्य स्वरूपाचं धरलं तर हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत जातं. तीव्र प्रकारच धरला तरी एक लाख वस्तीमागे दोनशे माणसं झाली. तालुक्यात विचारलं तर मात्र एखाददुसऱ्याचं नाव निघेल, बऱ्याच गावांत तेही नाही.

याचं कारण नोंदीत आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टी, श्रवण, वाचा, चलनवलन असे रकाने होते आणि शेवटी ‘बहुविकलांग’ असा एक. बधिरांधांसाठी वेगळा रकाना नव्हता. शिवाय शाळेत नाव घालताना, दाखला काढताना, एसटीची सवलत मागताना जे अपंगत्व आधी लक्षात आलं तेच लिहिलं जातं. कर्णबधिर म्हणून लहानपणी नोंद झालेल्या मुलाची दृष्टी पंचविशीत गेली तरी त्याचा दाखला आयुष्यभर कर्णबधिराचाच राहतो.

कशामुळे होतं

जन्मजात प्रकारांत जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, हे जुनं आणि टाळता येण्याजोगं कारण. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला हा ताप आला तर तिला किरकोळ पुरळ आणि कणकण एवढंच जाणवतं. बाळाला मात्र मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाचा दोष एकत्र होऊ शकतो. हा संबंध १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आला. आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आता ही लस नेहमीच्या वेळापत्रकात आहे: पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसरा डोस चुकवणाऱ्या घरांना हे कारण सांगायला हवं. आपल्या मुलाला दिलेली लस शेजारच्या गरोदर बाईचंही रक्षण करते.

दुसरं कारण अशर सिंड्रोम. हा आनुवंशिक आजार आहे. मूल जन्मापासून कमी ऐकतं किंवा अजिबात ऐकत नाही आणि पुढे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, शेवटी नळीतून पाहावं तेवढंच समोरचं उरतं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो, त्यामुळे नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांना धोका वाढतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडच्या बऱ्याच समाजांत अजून आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिणं भाग आहे. कर्णबधिर मुलगा संध्याकाळी खेळून परत येताना दगडाला ठेचकाळतो, सिनेमागृहात खुर्ची चाचपडतो, ताटाशेजारचा पेला सांडतो, तेव्हा त्याला वेंधळा म्हणून ओरडण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करावी. प्रत्येक कर्णबधिर मुलाची अशी तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. दृष्टी शाबूत असतानाच ब्रेल आणि काठी शिकलेला मुलगा पुढे कितीतरी कमी खचतो.

वेळेआधी झालेला जन्म, मेंदूज्वर, चार्ज सिंड्रोम हा जन्मजात आजार, ही आणखी कारणं.

सगळ्यांत मोठा गट मात्र म्हाताऱ्या माणसांचा, आणि त्यांना कुणीच बधिरांध म्हणत नाही. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा गेलेला किंवा काचबिंदू झालेला, त्यात वयोमानाने ऐकू येईनासं झालेलं. घरात माणसं असतात, जेवणखाण वेळेवर होतं, पण बोलणं थांबतं. आधी मोठ्याने बोललं जातं, मग तेवढ्यापुरतं, मग ‘काही नाही, तू बस’. आजी चुकीचं उत्तर देते, कारण प्रश्नच तिच्यापर्यंत पोचलेला नसतो. काही महिन्यांत घर ठरवून टाकतं, की आजीला आता काही कळत नाही. विस्मरणाचा आजार आणि ही अवस्था यांतला फरक डॉक्टरलाही घाईत कळत नाही. पिरंगुट, भुकूम, घोटवडे या पट्ट्यात जमिनी विकल्या गेल्या, बंगले झाले, म्हातारी माणसं ओळखीच्या अंगणातून अनोळखी खोलीत आली. जुन्या घरात पावलांना पाठ असलेली वाट नव्या घरात उरत नाही, हे बांधकाम करताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

मुंबईत सुरू झालेली शाळा

जगातला पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेत बॉस्टनच्या पर्किन्स शाळेत झाला. सॅम्युअल ग्रिडली हाव यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला शिकवलं. त्याच शाळेत घडलेल्या अ‍ॅन सलिव्हन मार्च १८८७ मध्ये सहा वर्षांच्या हेलन केलरच्या घरी गेल्या, आणि पुढची कथा मराठी शाळांतल्या मुलांनाही ठाऊक आहे. हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. तरीही आपल्याकडे बधिरांध मुलांसाठी शाळा निघायला आणखी बावीस वर्षं लागली.

ती निघाली मुंबईत, १९७७ साली. बेरोझ वाच्छा या शिक्षिकेने हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था काढली. देशातली या प्रकारची ही पहिली संस्था. भायखळ्यात तिचं काम वाढलं आणि पुढे नवी मुंबईत म्हापे इथेही. अंधशाळा ‘ऐकू येत नाही’ म्हणून आणि कर्णबधिर शाळा ‘दिसत नाही’ म्हणून प्रवेश नाकारत असतील, तर अशा मुलाने कुठे जावं, या प्रश्नाला तोवर आपल्याकडे उत्तरच नव्हतं. या संस्थेने मुलांबरोबर शिक्षकही घडवले. बधिरांधांच्या विशेष शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम तिथे चालत आला आहे. १९९७ मध्ये अहमदाबादेत सेन्स इंटरनॅशनल इंडिया सुरू झाली. तिने ठिकठिकाणच्या अपंगांच्या संस्थांना हाताशी धरून हे काम राज्याराज्यांत नेलं.

२००५ मध्ये संजय लीला भन्साळींचा ‘ब्लॅक’ आला आणि बधिरांध मुलगी प्रथमच मोठ्या पडद्यावर घरोघरी पोचली. त्या चित्रपटाचे उपकार आहेतच. पण त्याने एक समजूतही पेरली, की अशा मुलाला एखादा झपाटलेला, असामान्य गुरू भेटावा लागतो. प्रत्यक्षात हे काम रोज तेच तेच, न कंटाळता, साध्या माणसांनी करायचं असतं, आणि त्यात आई, आजी, मोठी बहीण यांचा वाटा शिक्षकाइतकाच असतो.

हाताखाली हात

शिकवणं कसं चालतं, ते जरा जवळून पाहू.

मुलाला चमच्याने खायला शिकवायचं आहे. आपल्याला सुचतं ते असं, की त्याचा हात वरून धरावा आणि चमच्यावर ठेवावा. बधिरांध मुलासाठी हे म्हणजे न सांगता केलेली ओढाताण. त्याचे हात हेच त्याचे डोळे आणि तेच त्याचे कान. ते कुणी पकडले की तो घाबरून मागे खेचतो. म्हणून शिक्षिका आपला हात खाली ठेवते आणि मुलाचा हात त्यावर. तिचा हात चमच्याकडे जातो, भात उचलतो, आणि वरचा छोटा हात त्या हालचालीचा माग घेत राहतो. मुलाला हवं तेव्हा तो हात काढून घेऊ शकतो. काही आठवड्यांनी तोच हात शिक्षिकेचा हात बाजूला सारून चमचा स्वतः धरतो.

पुढची पायरी म्हणजे दिवसाचा क्रम. एका लांबट खोक्याचे कप्पे करतात. पहिल्या कप्प्यात टॉवेलचा तुकडा, दुसऱ्यात चमचा, तिसऱ्यात झोपाळ्याच्या दोरीचा तुकडा. सकाळी मूल पहिला कप्पा चाचपडतं आणि आंघोळ आहे हे त्याला पाणी अंगावर पडायच्या आधी कळतं. आंघोळ झाली की तो टॉवेल ‘संपलं’च्या डब्यात जातो. एवढ्या साध्या गोष्टीने किती मुलांचं रडणं कमी होतं, हे पालकांनी पाहायला हवं. पुढे काय होणार आहे हे कळणं आपल्याला फुकट मिळतं, म्हणून त्याची किंमत आपल्या लक्षात येत नाही.

माणसांनाही खूण असते. आजीने जवळ आल्यावर आपल्या बांगड्यांवरून मुलाचा हात फिरवायचा, बाबांनी घड्याळावरून, शेजारच्या काकूंनी मंगळसूत्रावरून. प्रत्येकाने रोज तीच खूण द्यायची आणि जातानाही सांगून जायचं. न सांगता निघून गेलेला माणूस मुलाच्या दृष्टीने हवेत विरतो.

तळहातावर देवनागरी

बधिरांधांची एकच अशी भाषा नाही. कोण कधी आणि कशाने बधिरांध झालं, त्यावर ती ठरते. जन्मतः कर्णबधिर असून पुढे दृष्टी गेलेले लोक भारतीय सांकेतिक भाषाच बोलत राहतात, फक्त आता बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवून. आधी अंध असलेले आणि मग ऐकू येईनासं झालेले बहुधा ब्रेलकडे वळतात. मोबाइलला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर टिंबं वरखाली होतात आणि संदेश बोटांना वाचता येतो. बोलणाऱ्याच्या ओठांवर आणि गळ्यावर हात ठेवून कंपनांवरून शब्द ओळखण्याची ताडोमा नावाची अवघड पद्धत आहे, पण ती आता फार कुणी शिकत नाही. युरोपात हायरोनिमस लॉर्म यांची लिपी चालते. तीत तळहातावरच्या ठरावीक जागा म्हणजे अक्षरं. स्वतः लॉर्म यांचे कान आणि डोळे दोन्ही गेले होते.

गावातल्या कुणालाही आजपासून करता येईल अशी पद्धत म्हणजे तळहातावर लिहिणं. साक्षर असून उतारवयात दृष्टी आणि कान गेलेल्या माणसासाठी ती फार उपयोगी आहे. त्याच्या शेजारी बसायचं, समोर नाही, म्हणजे अक्षर त्याच्या बाजूने सरळ पडतं. तर्जनीने तळहाताच्या मधोमध एक अक्षर मोठं काढायचं, थांबायचं, मग त्याच जागी दुसरं. पुढेपुढे सरकत लिहायचं नाही. शिरोरेखा सोडली तर अक्षर लवकर कळतं. शब्द संपला की क्षणभर थांबा, चूक झाली तर तळहातावरून आपला हात फिरवून पुसल्याची खूण करा. सुरुवातीला ‘चहा’ एवढा शब्द पोचायलाही वेळ लागतो. दोघांपैकी एकानेही कंटाळायचं नाही, एवढीच अट.

पहिल्यांदा भेटताना खांद्यावर किंवा दंडावर हलकेच हात ठेवून वाट पाहावी. मागून धरू नये, काठी ओढू नये, रस्ता ओलांडताना त्याला ढकलू नये. आपलं कोपर त्याच्या हाती द्यावं आणि अर्धं पाऊल पुढे चालावं. अनेक देशांत पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले तर ती व्यक्ती बधिरांध आहे असं समजतात. आपल्याकडे पांढऱ्या काठीचं टोक एरवीही लाल असतं, त्यामुळे काठीवरून निष्कर्ष न काढता आवाज दिल्यावर उत्तर आलं नाही तर हाताने विचारावं.

त्यांचा समाज

अंधांचा आणि कर्णबधिरांचा समाज सहज जमतो. अंध एकमेकांशी बोलतात, कर्णबधिर खुणा करतात. दहा बधिरांध माणसं एका सभागृहात बसवली तर शेजारी कोण आहे हेही कुणाला कळणार नाही. त्यांच्या मेळाव्याला प्रत्येकामागे एक दुभाषा-मार्गदर्शक लागतो. तो बोलणं हातावर पोचवतो, कोण बोलतंय, कोण हसलं, कोण उठून गेलं हे सांगतो, चहाच्या टेबलापर्यंत नेतो. सभा सावकाश चालते. एकाने सांगितलेलं दहा हातांत उतरेपर्यंत पुढचा थांबतो. सेन्सच्या पुढाकाराने देशात बधिरांध प्रौढांचं ‘उडान’ आणि पालकांचं ‘प्रयास’ अशी जाळी उभी राहिली. आपल्यासारखाच दुसरा माणूस जगात आहे, तो नोकरी करतो, भांडतो, लग्न करतो, हे एखाद्या तरुणाला अशा भेटीतच पहिल्यांदा कळतं.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बधिरांधांनी एक पाऊल पुढे टाकलं. २००७ च्या सुमारास तिथे प्रोटॅक्टाइल ही चळवळ आकाराला आली. दुभाषामार्फत न बोलता बधिरांधांनी एकमेकांशी थेट बोलायचं, हा तिचा आग्रह. ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर बोटं टेकवून ‘हो, कळलं’, ‘अरे वा’, ‘थांब’ असं सांगत राहतो. त्यातून स्पर्शाचे स्वतःचे नियम असलेली भाषा घडली. डोळस लोकांच्या खुणांची ती नक्कल उरली नाही. आपल्याकडे असा समूह एका गावात राहत नाही, पांगलेला आहे. म्हणून इथे बधिरांध माणसाचा समाज म्हणजे पहिल्यांदा त्याचं घर, गल्ली, शाळा आणि वाण्याचं दुकान. त्यांतल्या किती जणांना त्याच्या हातावर बोलता येतं, त्यावर त्याचं जग केवढं ते ठरतं. उपकरणं आणि योजना हव्यातच, पण त्याच्याशी बोलणाऱ्यांची संख्या वाढवणं हे सगळ्यांत मोठं काम आहे, असं मला वाटतं.

पिरंगुटमधल्या घराने कुठून सुरुवात करावी

बाळ लहान असेल तर अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. पथकाला कान आणि डोळे दोन्ही तपासायला सांगावं. एकात दोष सापडला की दुसऱ्याची तपासणी मागून घ्यावी. पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शाळेत जाणं शक्य नसलेल्या मुलासाठी समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक घरी येऊन शिकवू शकतात. त्याची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करावी.

दाखला औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये निघतो. १९९५ च्या कायद्यात सातच अपंगत्वं होती, बधिरांधत्व नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस आहेत आणि बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा नावाने उल्लेख आहे. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. म्हणून अर्ज करतानाच दोन्ही दोष लिहावेत, कान आणि डोळे या दोन्ही विभागांचे कागद जोडावेत आणि जुना एकाच दोषाचा दाखला असेल तर तो बदलून घ्यावा. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात शेवटचा एक टक्का ज्या गटांत वाटलेला आहे, त्यांत बधिरांध येतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना बहुविकलांगांना एक लाखापर्यंत संरक्षण देते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३८ नुसार ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांना तशी मागणी करता येते. दुभाषा-मार्गदर्शकाची मागणी याच कलमाखाली लेखी करावी. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला दाद मागायला मुंबई गाठावी लागत नाही.

आणि ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिला बंधनकारक आहे. ज्या गावांत कारखाने आणि बंगल्यांची घरपट्टी जमा होते, तिथे ही रक्कम लहान नसते. बऱ्याचदा ती वर्षअखेरीस सरसकट वाटपात संपते. त्याऐवजी गावातल्या दोन-तीन तरुणींना हेलन केलर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला पाठवायचा खर्च, किंवा बधिरांध मुलाला रोज शाळेत नेणाऱ्या माणसाचं मानधन त्यातून मागता येईल. मागणी लेखी हवी आणि ती ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्यावी, म्हणजे विषय सभेपुढे घ्या असा आग्रह धरता येतो.